वॉर्डातून वर्गाकडे, वर्गातून संशोधनाकडे: मुलांच्या वेदनेवर काम करू पाहणाऱ्या नर्ससाठी

मुलांच्या वेदनेवर संशोधन करणं डॉक्टरांचं काम, आपण फार तर तक्ते भरून द्यायचे, असं धरून चालणाऱ्या नर्स खूप आहेत. प्रत्यक्षात या क्षेत्राचा पाया बऱ्याच अंशी नर्सनीच घातला. १९७७ मध्ये जो एलंड या नर्सचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या २५ मुलांपैकी १३ जणांना वेदनाशामकाचा एकही डोस मिळालेला नव्हता. नॅन्सी हेस्टर यांनी १९७९ मध्ये मुलाच्या पुढ्यात चार चकत्या ठेवून, जेवढं दुखतंय तेवढ्या उचलायला सांगायची पद्धत मांडली. डोना वाँग या नर्सने कॉनी बेकर यांच्याबरोबर सहा चेहऱ्यांची पट्टी तयार केली ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. अकाली जन्मलेल्या बाळांसाठीची बॉनी स्टीव्हन्स यांची 'पिप' मोजपट्टी १९९६ ची, तर मिशिगन विद्यापीठात सँड्रा मर्केल आणि टेरी व्होपेल-लुइस यांनी सहकाऱ्यांसह केलेली 'फ्लॅक' १९९७ ची. बोलता न येणाऱ्या मुलाला किती दुखतंय हे ठरवायचं कसं, हा खाटेशेजारी रोज पडणारा प्रश्न या सगळ्यांनी हातात घेतला. म्हणून आम्हीही पदव्यांची यादी मागे ठेवून मोजण्यापासून सुरुवात करतो आहोत.

आधी मोजणं पक्कं करा

शिकवायचं असो की संशोधन करायचं, दोन्हीकडे हेच कौशल्य लागतं. वयानुसार मोजपट्टी बदलते. अकाली जन्मलेल्या आणि नवजात बाळांसाठी पिपची २०१४ ची सुधारित आवृत्ती आहे. तीत बाळाचा गर्भकाळ आणि झोप-जागेपणाची स्थितीही हिशोबात धरतात, कारण फार लवकर जन्मलेलं किंवा गाढ झोपेतलं बाळ टाच टोचल्यावर चेहऱ्यावर फारसं काही दाखवत नाही. २ महिने ते ७ वर्षं या वयात फ्लॅक चालते. साधारण ४ वर्षांपासून पुढे चेहऱ्यांची पट्टी आणि ८ च्या आसपास ० ते १० आकडा विचारता येतो. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी फ्लॅकची सुधारित आवृत्ती वापरा. तिच्यात त्या मुलाची स्वतःची लक्षणं आईवडिलांना विचारून आधीच लिहून ठेवायची सोय आहे. एखादं मूल दुखलं की हसतं, एखादं श्वास रोखून धरतं. ते फक्त घरच्यांनाच माहीत असतं.

फ्लॅक सोपी वाटते आणि म्हणूनच चुकते. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण द्यायचे असतात. जागं असलेलं मूल निदान १ ते २ मिनिटं पाहायचं, आणि अंगावरचं पांघरूण काढून पाहायचं. समजा, पोटाची शस्त्रक्रिया होऊन एक दिवस झालेलं १४ महिन्यांचं मूल आहे. मधूनमधून कपाळाला आठी पडते: १. पांघरूण काढलं तर गुडघे पोटाशी घट्ट ओढलेले: २. अंग आखडून चुळबुळ चालू: १. आवाज अजिबात नाही: ०. आईने पाठीवरून हात फिरवला की जरा सैलावतं: १. बेरीज ५, म्हणजे मध्यम वेदना. आता हेच मूल पांघरुणासकट, दारातून पाहून मोजलं तर पायांना ० जातो आणि बेरीज ३ होते. तक्त्यावर 'सौम्य' असं लिहिलं जातं आणि पुढचा डोस लांबतो. मूल रडत नव्हतं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. औषध दिल्यानंतरची दुसरी मोजणी तर पहिलीहून महत्त्वाची: शिरेतून दिलं असेल तर १५ ते ३० मिनिटांनी, तोंडाने दिलं असेल तर साधारण तासाभराने.

सलाइन लावताना किंवा टोचताना फ्लॅकचा वेगळाच घोळ होतो. पाय कोणीतरी धरून ठेवलेले असतात, त्यामुळे पायांचा गुण खोटा ठरतो. समजूत काढायला उसंत नसते, त्यामुळे शेवटचा गुण अंदाजाने भरला जातो. शिवाय तपासणीच्या खोलीत पाऊल टाकल्याक्षणी रडू लागलेलं मूल सुई टोचायच्या आधीच ७ वर असतं. म्हणून सुईआधीची, सुईच्या क्षणाची आणि २ मिनिटांनंतरची अशा तीन वेगळ्या नोंदी घ्या. भीती आणि वेदना पूर्ण वेगळ्या करता येत नाहीत, पण किती गुण सुईच्या आधीचे होते एवढं तरी दिसतं.

चेहऱ्यांच्या पट्टीत आमचा कल वाँग-बेकर पट्टीपेक्षा २००१ मध्ये आलेल्या 'फेसेस पेन स्केल-रिव्हाइज्ड' या वेगळ्या पट्टीकडे आहे. तिच्यात ०, २, ४, ६, ८, १० असे सहा चेहरे आहेत. पहिला चेहरा हसत नाही आणि शेवटच्याच्या डोळ्यांत पाणी नाही. हसरा आणि रडका चेहरा असला की मूल दुखण्याऐवजी मनःस्थिती सांगू लागतं. आई समोर नाही म्हणून रडवेलं झालेलं मूल अश्रूंच्या चेहऱ्यावर बोट ठेवतं. विचारतानाही 'आनंदी', 'दुःखी' हे शब्द टाळा. 'हे चेहरे किती दुखतंय ते दाखवतात. या टोकाला अजिबात दुखत नाही, त्या टोकाला खूप खूप दुखतंय. तुला आत्ता किती दुखतंय, तो चेहरा दाखव,' एवढंच. मूल घरी 'बाऊ' म्हणत असेल तर तोच शब्द घ्या. ४-५ वर्षांची बरीच मुलं दोन टोकांपैकीच एक निवडतात. मुलाला चढत्या क्रमाची समज आहे का, हे आधी लहानमोठे ठोकळे ओळीने लावायला देऊन पाहता येतं.

तीस तक्ते काढा

संशोधनाचा प्रश्न ग्रंथालयात बसून सुचेल अशी वाट पाहू नका. परवानगी घेऊन आपल्या वॉर्डातले मागच्या महिन्याचे ३० तक्ते काढा आणि प्रत्येकातून चारच गोष्टी टिपा: पहिल्या २४ तासांत वेदना किती वेळा मोजली, कोणत्या मोजपट्टीने, ४ किंवा त्याहून जास्त गुण आल्यावर काय केलं, आणि त्यानंतर पुन्हा मोजली का. नाव, नोंदणी क्रमांक काही उतरवू नका, नुसता अनुक्रमांक घाला. दोन संध्याकाळी पुरतात. बहुतेक ठिकाणी पहिला रकाना बऱ्यापैकी भरलेला आणि शेवटचा रिकामा सापडतो. गुण लिहिला, पण पुढे कोणी काही केलं नाही. हे का घडतं, याचं उत्तर शोधताना तुमचा प्रश्न आकाराला येतो. डोस लिहिलेलाच नव्हता? रात्रपाळीत एका नर्सकडे फार मुलं होती? की गुणावर विश्वासच नव्हता? या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि संशोधनाची पद्धतही वेगळी.

शिकवण्याची सुरुवात

अध्यापनाला नेमणूकपत्राची गरज नसते. नव्या नर्सना वॉर्डात रुळवण्याची जबाबदारी मागून घ्या. बहुतेक ठिकाणी ती नको असलेली जबाबदारी असते. पण पहिल्या तासाला स्लाइडचा ढीग घेऊन उभं राहू नका. वेदना मोजणं हे सुईने शीर शोधण्यासारखं हाताचं आणि डोळ्यांचं काम आहे, ऐकून येत नाही.

४५ मिनिटांचा एक तास असा बेतता येतो. शिकवण्यासाठी लेखी संमती घेतलेल्या, प्रत्येकी मिनिटभराच्या पाच-सहा चित्रफिती निवडा: एक गाढ झोपलेलं मूल, एक भुकेने रडणारं, एक शस्त्रक्रियेनंतर निश्चल पडलेलं, एक सुई टोचतानाचं, एक तीव्र अक्षमता असलेलं. सुरुवातीची ५ मिनिटं मोजपट्टीची ओळख. मग फीत लावा आणि प्रत्येकीला गप्प बसून, शेजारणीच्या कागदाकडे न पाहता पाचही गुण लिहायला सांगा. फलकावर सगळ्यांचे गुण एकाखाली एक मांडा. एकाच मुलाला कोणी २ आणि कोणी ७ दिलेले पाहिले की वर्ग जागा होतो. आता बेरजेवर वाद घालू नका. पाचपैकी कोणत्या गुणात सर्वांत जास्त फरक पडला ते शोधा आणि फीत पुन्हा लावून तेवढाच भाग दाखवा. बहुधा तो 'समजूत पटणं' किंवा 'पाय' असतो. शेवटची १० मिनिटं एका नव्या फितीसाठी राखून ठेवा. पहिल्या आणि शेवटच्या फितीतल्या गुणांची पसरण किती कमी झाली, हीच तुमच्या तासाची परीक्षा.

निश्चल पडलेल्या मुलाची फीत कधीही गाळू नका. सर्वांत जास्त चुका तिथेच होतात.

'एवढ्याशा बाळाला काय कळतंय' हे वाक्य वर्गात येणारच. ते बोलणाऱ्याला गप्प बसवण्यापेक्षा इतिहास सांगा. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया अनेकदा अपुऱ्या भुलीवर होत. १९८७ मध्ये कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी अकाली जन्मलेल्या बाळांत दाखवून दिलं, की भुलीत फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिल्यावर शरीरातल्या ताणाच्या संप्रेरकांची उसळी कमी राहते आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी होते. भूल नीट मिळाली की बाळाची तब्येत सावरते, हे एकदा कळलं की त्या वाक्यात दम उरत नाही.

उपाय शिकवताना त्यांतली नेमकी चूक शिकवा. लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के असलेलं बधिर करणारं मलम चोळायचं नसतं. जाड थर ठेवून वरून पारदर्शक ड्रेसिंग लावायचं आणि ६० मिनिटं थांबायचं. घाईत २० मिनिटांनी सुई टोचतात आणि मग 'मलमाचा काही उपयोग नाही' असा शेरा वॉर्डभर फिरतो. ड्रेसिंगवर पेनने वेळ लिहायला लावा, आणि मलम दोन ठिकाणी लावायला सांगा, कारण पहिली शीर हुकली तर दुसरी सुई बधिर न झालेल्या कातडीत जाते. मलमाने कातडी पांढुरकी पडते, शीर थोडी आकसते. ड्रेसिंग काढल्यावर काही मिनिटं थांबलं की बरं पडतं. ३ महिन्यांखालच्या बाळांत प्रिलोकेनमुळे रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते, म्हणून १ ग्रॅम, १० चौरस सेंटिमीटर आणि १ तास ही मर्यादा पाठच हवी. २४ टक्के साखरेचं द्रावण जिभेच्या पुढच्या भागावर थेंब थेंब, टोचायच्या साधारण २ मिनिटं आधी. टोचून झाल्यावर दिलेली साखर उशिराची. शक्य असेल तिथे अंगावर पाजत टोचणं किंवा आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणं, यालाही चांगला पुरावा आहे. आणि मोठ्या मुलाला 'काही नाही होणार, घाबरू नको' असं पुन्हा पुन्हा म्हटलं की त्याची भीती वाढते. फुंकर मारायला, मोजायला, गोष्ट सांगायला लावणं जास्त कामाचं.

पदवी आणि मार्गदर्शक

मुलांच्या वॉर्डात निदान २-३ वर्षं काम केल्यावरच पदव्युत्तर शिक्षणाला जावं, असं आमचं ठाम मत आहे. ज्या हाताने रात्री तीनला सलाइन लावलेलं नाही, त्याने लिहिलेली संशोधनाची योजना वॉर्डात टिकत नाही. महाविद्यालयात शिकवायला सहसा पदव्युत्तर पदवी लागते, स्वतंत्र संशोधनासाठी पीएचडी. पीएचडीला पूर्ण वेळ दिला तर साधारण ३ ते ५ वर्षं जातात. मधली एक चांगली पायरी म्हणजे दुसऱ्याच्या अभ्यासात संशोधन-नर्स म्हणून काम करणं. संमती कशी घेतात, नोंद चुकली तर ती खोडरबराने न पुसता एक रेघ मारून, सही-तारीख घालून कशी दुरुस्त करतात, औषधाचा दुष्परिणाम कोणाला आणि किती वेळात कळवतात, हे तिथे अंगवळणी पडतं.

मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा तीन प्रश्न विचारा. तुमचे मागचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले? लिखाण किती दिवसांत वाचून परत देता? शोधनिबंधावर पहिलं नाव कोणाचं असतं? नंतर त्याच विद्यार्थ्यांशी एकांतात बोला. मार्गदर्शक मुलांच्या वेदनेतला तज्ज्ञ नसेल तरी चालेल, पण सल्लागारांत एक संख्याशास्त्रज्ञ आणि एक वेदनातज्ज्ञ असायलाच हवा, तोही नोंदी गोळा करायच्या आधीपासून.

नोकरी लागली की शिकवण्याचे तास संशोधन गिळून टाकतात. आठवड्यातला एक दिवस वॉर्डात आणि एक दिवस लिखाणाला, हे रुजू होतानाच लेखी मागून घ्या. नंतर मिळत नाही.

पहिला अभ्यास

पहिला प्रश्न लहान ठेवा: कोणती मुलं, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत, कोणत्या मोजपट्टीवर, कोणत्या क्षणी. 'मुलांच्या वेदनेवर खेळण्याचा परिणाम' हा विषय झाला. '४ ते ७ वर्षांच्या मुलांत सलाइन लावताना फुगे फुंकायला लावले तर, नुसतं मलम लावलेल्या मुलांपेक्षा, सुईनंतर १ मिनिटाने मुलाने दाखवलेला चेहरा किमान २ गुणांनी खाली येतो का' हा प्रश्न झाला.

इथे तुलनेच्या गटालाही मलम आहे, हे मुद्दाम. काम करणारा उपाय माहीत असताना एका गटाला काहीच न देणं किंवा नुसतं पाणी देणं योग्य नाही. नवजात बाळांच्या साखरेच्या अभ्यासांत हे वर्षानुवर्षं होत राहिलं आणि डेनिस हॅरिसन यांच्यासारख्या नर्स-संशोधकांनी त्यावर स्पष्ट बोट ठेवलं.

किती मुलं लागतील, याचा हिशोब आधी करा. २ गुणांचा फरक शोधायचा आहे आणि गुणांचं प्रमाण विचलन (मुलामुलांतल्या गुणांची पसरण) ३ धरलं, तर ८० टक्के शक्ती (फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के चुकीच्या मर्यादेत (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) प्रत्येक गटात ३६ मुलं लागतात. १० टक्के गळती धरून ४०. तोच फरक १ गुणाचा धरला तर प्रत्येक गटात १४२. अनेक प्रबंध '३० मुलं घेतली' एवढ्यावर उभे असतात आणि मग 'फरक आढळला नाही' याचा अर्थ फरक नव्हता की मुलं कमी पडली, हे कोणालाच सांगता येत नाही.

संमती आईवडिलांची आणि होकार मुलाचा. साधारण ७ वर्षांपासून पुढच्या मुलाचा होकार अनेक नीतिसमित्या मागतात. आमच्या मते लहान मुलालाही त्याच्या शब्दांत सांगून विचारावं, आणि त्याने हात मागे ओढला तर अभ्यासातून त्याला सोडावं. संमती सुईच्या दारात घेऊ नका. मूल रडत असताना पालक कशावरही सही करतात. उपचाराची चाचणी असेल तर पहिलं मूल सामील होण्याआधी तिची सार्वजनिक नोंदणी करा. नंतर केलेली नोंदणी अनेक चांगली नियतकालिकं मान्य करत नाहीत.

आधी १० ते १२ मुलांवर रंगीत तालीम घ्या. मुलाने दाखवलेल्या चेहऱ्याबरोबर चित्रफितीवरून फ्लॅकचे गुणही देणार असाल, तर कॅमेऱ्याच्या चौकटीत चेहरा आणि पाय दोन्ही येतात का? टोचणारी नर्स मध्येच आडवी येते का? गुण देणाऱ्याला मूल कोणत्या गटातलं आहे हे कळता कामा नये, पण फितीत कोणी 'फुगा धर हं' म्हणालं की सगळं उघड. आवाज बंद केला तर रडण्याचा गुण जातो. म्हणून प्रत्येक फितीचे तुकडे पाडा, फुग्याचा भाग वगळा आणि सुईनंतरचा ठरलेला तुकडाच दाखवा. दोघी स्वतंत्रपणे गुण देणार असतील तर मत किती टक्के जुळलं, नुसत्या त्यावर जाऊ नका. १०० तुकड्यांपैकी प्रत्येकीने आपापल्या परीने ९० वेळा 'वेदना नाही' लिहिलं असेल, तर निव्वळ योगायोगानेच ८२ वेळा मत जुळतं. मग ८६ टक्के मतैक्य चांगलं दिसलं तरी कप्पा, म्हणजे योगायोग वजा करून उरलेलं मतैक्य (पूर्ण जुळलं तर १), येतो फक्त ०.२२. अशा वेळी पुन्हा प्रशिक्षण, मगच पुढे.

गुण खाली आला म्हणजे वेदना गेली असं लगेच लिहू नका. २०१० मध्ये रिबेका स्लेटर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात साखर दिलेल्या नवजात बाळांचे पिपचे गुण कमी आले, पण टाच टोचल्यावर मेंदूत उमटणाऱ्या वेदनेच्या विद्युत प्रतिसादात लक्षणीय फरक दिसला नाही. त्याचा अर्थ काय घ्यायचा, यावर वाद झाला, आणि तो शिकवण्याजोगा आहे. निष्कर्षात 'वेदनेचे वर्तनगुण कमी झाले' असं लिहा. जेवढं मोजलं तेवढंच.

शोधनिबंध छापून यायला वर्ष लागू शकतं. तोवर ज्या वॉर्डात काम केलं तिथे एका पानाचा वृत्तान्त द्या: काय विचारलं, काय सापडलं, तक्त्यात कोणता एक रकाना बदलायचा. सामील झालेल्या कुटुंबांनाही साध्या भाषेत चार ओळी पाठवा. मग तीन महिन्यांनी पुन्हा ३० तक्ते काढा आणि त्याच चार गोष्टी टिपा, आधी शेवटच्या रकान्यापासून.